नव्या सोलच्या जुन्या वळणाच्या तबकड्या: डॅप्टोनपासून सुरुवात

डॅप्टोन या न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड कंपनीची माझी पहिली रेकॉर्ड मी दोन दिवस वाकडी वाजवली. सात इंची तबकडी, मधोमध हे एवढं मोठं भोक, सोड्याच्या बाटलीचं बूच आरपार जाईल असं. बाबांच्या एचएमव्हीच्या ईपींना असलं भोक कधी पाहिलं नव्हतं. त्यांची भोकं बारा इंची एलपीसारखीच बारीक. मग मी काय केलं, तबकडी अंदाजाने टर्नटेबलच्या मधोमध ठेवली, डोळा बारीक करून इकडेतिकडे सरकवली आणि सुई टेकवली. गाणं सुरू झालं आणि दर फेरीला सूर चढायचा, उतरायचा. ट्रम्पेट बोटीत बसून वाजवल्यासारखे. मला वाटलं, हेच ते रेट्रो! एका मित्राला फोनवर ऐकवूनही झालं. तो जुना रेकॉर्डवाला. म्हणाला, “अरे, अडॅप्टर कुठाय?”

अडॅप्टर म्हणजे त्या मोठ्या भोकात बसणारी प्लॅस्टिकची चकती. ती टर्नटेबलच्या मधल्या खुंटीवर ठेवायची, तिच्यावर तबकडी. संपला विषय. पण हे कुणी आधी सांगत नाही, आणि अशा न सांगितलेल्या गोष्टी या छंदात बऱ्याच आहेत. त्यातल्या मला ठेच खाऊन कळलेल्या इथे लिहितो आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते. सोल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, चर्चमधल्या गॉस्पेलमधून आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून आलेलं. १९६० च्या दशकात ते भरात होतं. मेम्फिसमध्ये स्टॅक्स, डेट्रॉइटमध्ये मोटाउन. दोन्ही कंपन्यांचा हातखंडा एकच: गायक बदलले तरी मागे वाजवणारी मंडळी ठरलेली, खोली ठरलेली. पुढे सिंथेसायझर आले, ड्रम मशिनं आली आणि तो आवाज मागे पडला. नव्वदीच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या काही पोरांना तो आवाज परत हवा होता. त्यांतला एक गेब्रियल रॉथ. तो बास वाजवतो, रेकॉर्डिंग करतो, आणि रेकॉर्डवर ‘बॉस्को मान’ या नावाने सापडतो. फिलिप लेमन या साथीदाराबरोबर त्याने डेस्को नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं. त्यांचा एक उद्योग मला फार आवडतो: कधीच न निघालेल्या एका कुंगफू सिनेमाचं ‘जुनं पार्श्वसंगीत’ म्हणून त्यांनी एक आख्खी एलपी काढली. संगीत त्यांनी स्वतःच नुकतं वाजवलेलं. जुन्या फंकच्या (सोलचाच जास्त ठेकेबाज भाऊ) सिंगल, म्हणजे बाजूला एकेक गाणं असलेल्या सात इंची तबकड्या, शोधत फिरणाऱ्या इंग्लंडमधल्या डीजेंमध्ये डेस्कोच्या तबकड्या चालल्या, त्या जुन्या वाटायच्या म्हणूनच.

डेस्को मोडलं. रॉथ आणि सॅक्सोफोन वाजवणारा नील शुगरमन यांनी २००१ मध्ये ब्रुकलिनमध्ये डॅप्टोन सुरू केलं. बुशविक भागात ट्राउटमन स्ट्रीटवर एक साधं दोनमजली घर घेतलं आणि त्यातच स्टुडिओ केला. भिंती, तारा, सगळं वाजवणाऱ्या मंडळींनीच उभं केलं. लेबलची मुख्य गायिका शॅरन जोन्सनेही विजेच्या कामाला हात लावला होता, असं ही मंडळी कौतुकाने सांगत आली आहेत. वाजवणाऱ्या चमूचं नाव डॅप-किंग्ज.

आता पायऱ्या. क्रम माझा आहे, आणि त्याबद्दल मी जरा हट्टी आहे.

पहिली पायरी: पैसे खिशातच ठेवा, दोन आठवडे ऐका

हे सगळं आज स्ट्रीमिंगवर आहे. त्यामुळे कव्हर बघून भुलायचं कारण नाही. पण कुठून ऐकायचं?

बहुतेक लोक शॅरन जोन्सच्या २००७ च्या ‘१०० डेज, १०० नाइट्स’ पासून सुरुवात करा म्हणतात. चूक नाही. एकाच अल्बमवर थांबायचं असेल तर तोच घ्यावा. मी मात्र २००५ चा ‘नॅचरली’ आधी ऐकायला सांगतो. त्यात चमू अजून थोडा रांगडा आहे, गिटार खरवडल्यासारखी लागते, आणि शॅरन गाणं हातात घेते तेव्हा मागची मंडळी तिच्यासाठी जागा कशी करून देतात ते स्वच्छ ऐकू येतं. मग ‘१०० डेज’. मग २०१० चा ‘आय लर्न्ड द हार्ड वे’, जिथे व्हायोलिनं येतात आणि सगळं इस्त्री केलेल्या शर्टासारखं होतं. हा क्रम धरला तर एक चमू पाच वर्षांत कसा पिकला ते कानाने कळतं.

शॅरनबद्दल थोडं सांगायलाच हवं. जन्म १९५६, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावचा. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात तिने पहारेकऱ्याची नोकरी केली, पैसे वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवरही केली. १९९६ मध्ये ली फील्ड्स या गायकाच्या रेकॉर्डिंगला मागे गाण्यासाठी तीन बायका हव्या होत्या. आली एकटी शॅरन, आणि तिन्ही आवाज तिनेच गाऊन दिले. पहिला अल्बम आला तेव्हा वय ४६. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कर्करोगाने गेली. केमोथेरपीनंतर केस गेलेल्या डोक्यानेच ती रंगमंचावर उभी राहायची, टोप न घालता.

दुसरा आवाज चार्ल्स ब्रॅडलीचा. हा आयुष्यभर आचारी. सोल-फंकचा बादशहा जेम्स ब्राउन याला त्याने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये पाहिलं तेव्हा तो चौदाचाही नव्हता. पुढे ब्रुकलिनच्या क्लबांत ‘ब्लॅक व्हेल्व्हेट’ नावाने जेम्स ब्राउनची नक्कल करायचा. स्वतःचा पहिला अल्बम ‘नो टाइम फॉर ड्रीमिंग’ आला २०११ मध्ये, वयाच्या बासष्टीत. त्याचा आवाज फाटतो, आणि फाटला की अंगावर काटा येतो. शॅरन उभी राहून जाब विचारते, ब्रॅडली गुडघ्यावर बसून विनवतो. दोघांपैकी तुमचं कोण, हे दोन आठवड्यांत ठरेल, आणि पहिली खरेदी त्यावरच करायची.

तिसरं बुडोस बँड. गाणारं कुणी नाही. स्टॅटन आयलंडची मंडळी, पितळी वाद्यांचा मारा, त्यात इथिओपियन वळण. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर ज्वालामुखी, दुसऱ्यावर विंचू, तिसऱ्यावर नाग. शब्दांच्या अर्थात अडकायला ज्यांना आवडत नाही, त्यांनी इथूनच सुरू करावं. माझ्या आईला या सगळ्यातलं एवढंच चालतं. तिच्या मते ते ‘बँजोवाल्यांसारखं’ आहे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बँजो पार्टीशी केलेली ही तुलना मी आधी हसण्यावारी नेली. नंतर लक्षात आलं की नाचायला लावणारा ठेका आणि त्यावर एकदिलाने वाजणाऱ्या पिपाण्या यापलीकडे तिसरं काही त्यात नाहीच.

दुसरी पायरी: नावं वाचायची सवय लावा

या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळा संग्रह इथून वाढतो.

आपण गायकाच्या नावाने शोधतो. या लेबलच्या बाबतीत त्याने दोन-तीन महिन्यांत वाट संपते. त्याऐवजी कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत कोण वाजवतंय ते वाचा. होमर स्टाइनवाइस ड्रमवर. थॉमस ब्रेनेक गिटारवर. डेव्ह गाय ट्रम्पेटवर. कोचेमिया गॅस्टेलम बॅरिटोन सॅक्सवर. बिंकी ग्रिपटाइट गिटारवर, आणि कार्यक्रमात शॅरनला मंचावर बोलावणारा निवेदकही तोच.

आता यातला ब्रेनेक धरा. तो बुशविकमध्येच मेनाहन स्ट्रीटवर राहायचा. त्याने त्याच मंडळींतले काही घेऊन मेनाहन स्ट्रीट बँड काढला, आणि डॅप्टोनच्या छत्राखाली डनहॅम नावाचं आपलं छोटं लेबल. मेनाहनची एक धून रॅपर जे-झीने २००७ मध्ये आपल्या गाण्यात उचलली, आणि ब्रुकलिनच्या घरातली ती पितळी वाद्यं जगभर वाजली. चार्ल्स ब्रॅडलीच्या मागे वाजतो तोही हाच बँड. म्हणजे ब्रॅडली आवडला तर पुढची तबकडी मेनाहनची घ्यायची, हे नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

आणि इंग्लिश गायिका ॲमी वाइनहाउस? तिच्या २००६ च्या ‘बॅक टू ब्लॅक’ मधली निर्माता मार्क रॉन्सनने केलेली गाणी ऐकताना मागे वाजतात ते डॅप-किंग्जच. त्यातलं काही काम याच ट्राउटमन स्ट्रीटवरच्या घरात झालं. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी हा चमू नाव माहीत नसताना ऐकलेला आहे. घरी ती रेकॉर्ड असेल तर ती लावा आणि लगेच ‘१०० डेज’ लावा. ड्रमचा तो कोरडा, टोपलीवर थाप मारल्यासारखा आवाज दोन्हीकडे सापडेल.

तो आवाज येतो कुठून? संगणकावर प्रत्येकाला वेगळं वाजवायला लावून जुळवणी करायची, ही आजची रीत. रॉथ सगळ्यांना एका खोलीत बसवतो, मोजके माइक लावतो आणि टेपवर घेतो. फार काळ त्याचं काम आठ ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर आवाजाच्या आठच वेगळ्या पट्ट्या घेणाऱ्या, मशिनवर चाललं. आठच ट्रॅक म्हणजे ड्रमला वेगवेगळे दहा माइक लावायची चैन नाही. कुठलं वाद्य किती पुढे, किती मागे हे वाजवतानाच ठरवावं लागतं. ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरतो, ट्रम्पेटचा ड्रमच्या. त्याची ते भीती बाळगत नाहीत, त्यातूनच ती खोली ऐकू येते. आपल्याकडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तबलेवाला गायकाच्या किती जवळ बसलाय ते कळतं ना, तसं.

तिसरी पायरी: यंत्र

इथे लांबण लावत नाही. तीन गोष्टी बघा.

पहिली, सूटकेससारखं उघडणारं स्वस्त प्लेअर घेऊ नका. त्यांची सुई रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचा भार देते. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) दीड-दोन ग्रॅम पुरतात. भार कमी-जास्त करायची सोय नसलेलं यंत्र म्हणजे रोज तबकडीवर नांगर फिरवणं.

दुसरी, ४५ चा वेग कसा बदलतो ते विकत घेण्याआधी विचारा. काही यंत्रांवर बटण असतं, काहींवर ताट उचलून हाताने पट्टा सरकवावा लागतो. एलपी ३३⅓ वर आणि सिंगल ४५ वर वाजते. तुम्ही सिंगल घेणार असाल (घ्यालच) तर दर तीन मिनिटांनी पट्टा सरकवण्यात गोडी राहत नाही. वेग बदलायला विसरून मी एकदा शॅरनची सिंगल ३३ वर लावली होती. शेजारच्या काकूंनी दारात येऊन विचारलं, “पाहुणे आलेत का रे? कोण एवढं जड आवाजात बोलतंय?”

तिसरी, तो अडॅप्टर. यंत्राबरोबर आला नसेल तर वेगळा मागवा. धातूचा, जरा वजनदार मिळाला तर उत्तम.

चौथी पायरी: पहिली खरेदी सिंगलची की एलपीची?

सिंगलची. यावर माझं रेकॉर्डवाल्या मित्राशी भांडण आहे. तो म्हणतो, एलपीत पैसे वसूल होतात. हिशेबाने त्याचंच खरं: नवी सिंगल साधारण सात-आठ ते दहा डॉलरला दोन बाजू देते, एलपी वीस-पंचवीसमध्ये दहा-अकरा गाणी.

पण डॅप्टोन मुळात सिंगलवाल्यांचं लेबल आहे. ही माणसं ४५ च्या वेडातूनच या धंद्यात आली. बऱ्याच सिंगलची दुसरी बाजू एलपीवर सापडत नाही. कधी तिथे त्याच गाण्याची नुसती वाद्यांची आवृत्ती असते, कधी ‘भाग २’, म्हणजे पहिल्या बाजूला संपलेला ठेका दुसऱ्या बाजूला पुन्हा उचललेला. ही चाल थेट साठीच्या दशकातली, कारण सात इंचात गाणं मावायचं नाही. शिवाय ४५ च्या वेगामुळे, मधल्या भोकापासून तेवढ्याच अंतरावर, सुई दर सेकंदाला जास्त खाच कापते, खाचा ऐसपैस असतात, आणि ड्रम अंगावर येतो. एकच गाणं दोन्हीवर असेल तर लावून बघा.

नवीन माणसाने एक सिंगल शॅरनची, एक ब्रॅडलीची, एक बुडोसची घ्यावी. महिनाभर वाजवावी. त्यानंतरही जी रोज निघते तिच्या मालकाची एलपी घ्यावी. घाईत सगळं हवं असेल तर लेबलचे स्वतःचे संकलन अल्बम आहेत, २००९ चा ‘डॅप्टोन गोल्ड’ त्यांतला चांगला. सिंगल गोळा केलेले खंडही त्यांनी काढले आहेत. ते घेतलेत तर पुढे सिंगल घ्यायची खाज कमी होते, हा फायदा की तोटा ते तुम्ही ठरवा.

पाचवी पायरी: मिळवायची कशी

चोरबाजारात किंवा फोर्टच्या फुटपाथवर या मिळायच्या नाहीत. तिथे आपली जुनी सिनेमाची, भावगीतांची, गझलांची दौलत आहे, तिच्यासाठी जरूर जा. डॅप्टोनसाठी रस्ते तीन.

देशातल्या व्हिनिलच्या तबकड्या विकणाऱ्या दुकानांकडे विचारणा करायची. एलपी कधी कधी असते, सिंगल क्वचितच.

लेबलकडून थेट किंवा बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरून मागवायची. टपालखर्च आणि इथे आल्यावरची कस्टम ड्यूटी धरली तर एका सिंगलची किंमत हास्यास्पद होते. म्हणून चार-सहा जणांनी मिळून एकच पार्सल मागवावं. आमचा ठाण्या-पुण्याचा सात जणांचा गट आहे. त्यातला एक जण दर वेळी ‘फक्त एकच’ म्हणून पाच सांगतो.

तिसरा रस्ता मराठी घरांना चांगला ठाऊक आहे: अमेरिकेतलं कुणीतरी येताना बॅगेत आणतं. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो. अमेरिकेत रेकॉर्डी पाठवायला टपालखात्याची ‘मीडिया मेल’ नावाची स्वस्त सोय आहे, पुस्तकं आणि रेकॉर्डींसाठीची. तिथल्या तिथे त्याच्या पत्त्यावर मागवायचं, तो डिसेंबरात येतो तेव्हा घेऊन येतो. फक्त त्याचीही बाजू समजून घ्या. कव्हर-पॅकिंगसकट एक एलपी पाव किलोच्या वर जाते, जाड १८० ग्रॅमवाली आणखी जास्त. दहा एलपी म्हणजे तीन किलो, आणि बॅगेत आत्याची व्हिटॅमिनंही असतात. दहा सिंगल मात्र अर्ध्या किलोत बसतात आणि हातातल्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, विमानात बरोबर आणता येतात. सिंगल घ्या म्हणतो त्यामागे हेही कारण आहे. एलपी चेक-इन बॅगेत असेल तर कपड्यांच्या मधोमध, आडवी आणि सपाट ठेवायला सांगा. बॅगेच्या कडेला उभी ठेवलेली माझी एक एलपी कोपऱ्यातून दुमडून आली, तबकडी वाचली.

सहावी पायरी: वापरलेली घेताना

संपलेल्या आवृत्त्यांसाठी डिस्कॉग्जवर जावं लागतं. तिथे जगभरचे विकणारे असतात, आणि प्रत्येक आवृत्तीची वेगळी नोंद असते.

दर्जाचे शब्द आधी समजून घ्या. ‘मिंट’ म्हणजे कोरी. ‘निअर मिंट’ म्हणजे जवळजवळ कोरी. ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे थोडी वाजवलेली, हलके ओरखडे, ऐकायला छान. आपण याच्या खाली जायचं नाही. ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखर ऐकू येणार. आणि ‘गुड’? गुड म्हणजे वाईट. शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा हिशेब इथे चालत नाही. दर्जा दोन ठिकाणी दिलेला असतो, एक तबकडीचा आणि एक कव्हरचा. दोन्ही वाचा.

मी एकदा फसलो. ‘निअर मिंट’ म्हणून घेतलेली सिंगल आली ती उन्हात ठेवलेल्या पापडासारखी. सुई लाटेवर होडी जावी तशी वरखाली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर म्हणे ओरखडा तर नाही ना एकही! खरंच नव्हता. तेव्हापासून मी ऑर्डर देण्याआधी एकच प्रश्न विचारतो: सपाट आहे का, आणि तुम्ही स्वतः वाजवून बघितली का? उत्तर आलं नाही तर घेत नाही. पैसे देण्याआधी त्याच आवृत्तीचे मागचे विक्रीभावही बघा, ते नोंदीत खालीच दिसतात.

पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती यांचा बाऊ नवीन माणसाने करू नये. डॅप्टोन आपल्या चालणाऱ्या रेकॉर्डी पुन्हा पुन्हा छापतं. मला पहिल्या आणि नंतरच्या छापात सांगण्यासारखा फरक ऐकू आलेला नाही. तरी ओळखायची असेल तर लेबलच्या कागदाकडे न बघता शेवटच्या खाचेनंतरची गुळगुळीत पट्टी बघा. दिव्याखाली तिरकी धरली की तिथे कोरलेले आकडे-अक्षरं दिसतात. तेच डिस्कॉग्जच्या नोंदीशी ताडून पाहायचे. रंगीत व्हिनिलचं तसंच: केशरी, निळी, शिंपडलेली. दिसायला झकास. वाजायला काळीपेक्षा सरस नाही.

सातवी पायरी: आपला पावसाळा

परदेशी मार्गदर्शकांत हे सापडणार नाही, कारण त्यांच्याकडे जुलै नसतो. व्हिनिलला ओलाव्याने फारसं काही होत नाही, कव्हरला होतं. ठाण्यात पहिल्याच पावसाळ्यात माझ्या दोन कव्हरांवर बुरशीचे ठिपके आले. भिंतीला टेकवून ठेवली होती, तीही पश्चिमेच्या.

आता रेकॉर्डी लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं दूर, उभ्या ठेवतो. आडव्या एकावर एक कधीच नाही, खालची वाकते. आत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याला बदलायच्या. आतल्या कागदी पिशवीऐवजी पॉलिथीनचं अस्तर असलेली पिशवी. बाहेरचं जाड चकचकीत पीव्हीसीचं कव्हर मात्र टाळा. उन्हाळ्यात ते तबकडीला चिकटल्यासारखं होतं आणि वर धुकं धरल्यासारखा डाग सोडतं, जो जात नाही. आणि मे महिन्यात गाडीच्या मागच्या सीटवर रेकॉर्ड ठेवून चहाला उतरायचं नाही. दहा मिनिटंसुद्धा.

धूळ रोज मऊ कार्बन ब्रशने, तबकडी फिरत असताना. धुवायची वेळ आली तर डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड, खाचांच्या दिशेने, गोल गोल. कागदी लेबल भिजू द्यायचं नाही. बाबांच्या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना मात्र स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

आठवी पायरी: डॅप्टोनच्या पुढे

शॅरन आणि ब्रॅडली दोघंही वर्षभराच्या अंतराने गेले, २०१६ आणि २०१७. मला वाटलं होतं दुकान बंद होणार. झालं उलटंच. रॉथ कॅलिफोर्नियात आपल्या मूळ गावी रिव्हरसाइडला गेला आणि तिथे २०२० मध्ये पेनरोज नावाचं उपलेबल निघालं. हा बाज वेगळा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत लोरायडर, म्हणजे जमिनीलगत बसवलेल्या सजवलेल्या गाड्या, संथ चालवत जुनी हळवी प्रेमगीतं लावायची परंपरा आहे. पेनरोज ते सांभाळतं. वेग कमी, आवाज मऊ, मागे घातलेले ‘ऊ ऊ’ चे सूर. सॅन डिएगोच्या थी सेक्रेड सोल्स या बँडचा पहिला अल्बम २०२२ मध्ये आला. ब्रॅडलीच्या ओरडण्याने ज्यांना धसका बसतो त्यांनी इथून शिरावं, काही हरकत नाही.

नावं वाचण्याची सवय इथे कामी येते. लिऑन मिशेल्स हा सुरुवातीच्या डॅप-किंग्जमध्ये सॅक्स वाजवणारा पोरगा. २०१६ मध्ये त्याने एका भागीदाराबरोबर बिग क्राउन हे लेबल काढलं, तेही ब्रुकलिनमध्येच. त्यावरची गायिका लेडी रे ऐका, सोलमध्ये हिपहॉपचा ठेका कसा मुरतो ते कळेल. ओहायोतल्या लव्हलँड या गावात कोलमाइन आहे, २००७ मध्ये सुरू झालेलं. ते सुरू करणारा टेरी कोल शाळेत विज्ञान शिकवायचा. आता लेबलच्या जोडीला रेकॉर्डींचं दुकानही आहे. ड्युरँड जोन्स अँड द इंडिकेशन्सची पहिली एलपी त्यांचीच, २०१६ ची. आणि फिनलंडमध्ये, हेलसिंकीला, टिमिऑन. उणे वीसमध्ये राहून इतकं ऊबदार कसं वाजवतात कोण जाणे. त्यांचाही ठरलेला घरचा चमू आहे, कोल्ड डायमंड अँड मिंक, आणि पुढे गायक बदलत राहतात.

ली फील्ड्स आठवतो ना, ज्याच्या रेकॉर्डिंगला शॅरन एकटी तीन जणींचं गायली होती? मधली वर्षं तो दुसऱ्या लेबलांकडे होता. २०२२ मध्ये तो डॅप्टोनवर परतला, ‘सेंटिमेंटल फूल’ घेऊन. निर्मिती रॉथचीच. माझ्या यादीत यंदा ती पहिली आहे. आतेभावाला कळवलं, त्याचं लगेच उत्तर आलं: “दादा, एलपी असेल तर एकच. आईने या वेळी मिक्सरचं भांडं सांगितलंय.”